नीरक्षीरविवेक : 'खऱ्या' दुधाच्या कल्पनेचा इतिहास

मराठी समीक्षेत 'नीरक्षीरविवेक' हा शब्द इतका रुळला आहे की त्यातले दूध आता कुणाला दिसत नाही. हंसापुढे पाणी मिसळलेले दूध ठेवले तर तो दूध तेवढे घेतो आणि पाणी मागे ठेवतो, हा संस्कृत कवींचा जुना संकेत. चांगल्या समीक्षकाने साहित्यकृतीतील सार आणि असार असेच वेगळे करावे, अशी अपेक्षा आपण बाळगतो. प्रबंधांच्या प्रस्तावनांतून आणि गौरवसमारंभांच्या भाषणांतून हा हंस अजून विहरत असतो. तथापि या संकेतामागे एक गृहीतक आहे, त्याकडे आमच्या मते पुरेसे लक्ष गेलेले नाही. आधी शुद्ध दूध होते आणि पाणी मागाहून कुणीतरी घातले, असे हा संकेत धरून चालतो. प्रत्यक्षात गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, म्हशीच्या दुधात सुमारे ८३ टक्के. हंसाने आपले काम खरोखरच चोख केले तर भांड्यात शिल्लक राहील ती चिमूटभर भुकटी.

हा केवळ विनोद नव्हे. विसाव्या शतकात आपल्या शहरांनी ही भुकटी आणि पाणी पुन्हा एकत्र करून दूध म्हणून प्यायले, आणि त्या दुधावर पिढ्या वाढल्या. दूध कसे प्यावे, गायीचे की म्हशीचे, साय काढून की सायीसकट, गरम की निवलेले, साखर घालून की बिनसाखरेचे, या गोष्टी प्रत्येक जण आपल्या खासगी आवडीच्या म्हणून सांगतो. जे आपल्याला आवडते तेच 'खरे दूध' असेही प्रत्येकाला वाटते. प्रस्तुत लेखात आम्हांला या 'खरे' शब्दाचा माग काढायचा आहे. आवड खासगी असते हे खरे. पण ती घडते सार्वजनिक इतिहासात, आणि तो इतिहास कुणाला दूध मिळाले आणि कुणाला मिळाले नाही याचा आहे.

प्रारंभ महाभारतापासून करू. तिथे दुधासाठी रडणाऱ्या दोन मुलांच्या कथा आहेत, आणि त्या शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत. पहिली आदिपर्वातली, सर्वांच्या परिचयाची. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागतो. द्रोण गाय मिळवण्यासाठी वणवण करतो, पण त्याला ती मिळत नाही. मग मुले अश्वत्थाम्याला पाण्यात कालवलेले पीठ देतात, आणि तो ते पिऊन, आपण दूध प्यालो म्हणून आनंदाने नाचू लागतो. मुले हसतात. हे हसू द्रोणाला सहन होत नाही. तो बालमित्र द्रुपदाकडे जातो, तिथे अपमानित होतो, आणि पुढच्या वैराची एक गाठ बसते.

दुसरी कथा अनुशासनपर्वातली, उपमन्यूची. हाही वनात राहणाऱ्या निर्धन ऋषीचा मुलगा. यालाही आई पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून देते. पण उपमन्यू फसत नाही. पूर्वी एकदा वडिलांबरोबर एका आप्ताच्या यज्ञाला गेला असताना त्याने गायीचे दूध चाखलेले असते. तो आईला सरळ सांगतो की हे दूध नव्हे. मग आई त्याला आपले दारिद्र्य सांगते आणि शिवाची आराधना करण्यास सुचवते. अखेरीस शिव प्रसन्न होऊन त्याला क्षीरसागराचे सान्निध्य देतो.

दोन्ही घरांत दारिद्र्य तेच आणि पिठाचे पाणीही तेच. फरक एवढाच की एकाच्या जिभेला पूर्वानुभव आहे आणि दुसऱ्याच्या नाही. अश्वत्थाम्याची फसवणूक त्याच्या मूर्खपणामुळे होत नाही. जे कधी मिळालेच नाही ते ओळखणार कसे? नीरक्षीरविवेक हा हंसाचा उपजत गुण म्हणून सांगितला जातो. महाभारतकर्त्याला मात्र ठाऊक आहे की माणसाच्या बाबतीत तो विवेक मिळकतीचा प्रश्न असतो. एकदा तरी यज्ञाला जाण्याची संधी मिळावी लागते. आमच्या पुढच्या विवेचनाची किल्ली या दोन मुलांच्या हाती आहे.

महाभारतातून मराठी घरात यावे तर भाषेनेच दुधाची उतरंड नोंदवून ठेवलेली दिसते. 'दुधाची तहान ताकावर भागवणे' या म्हणीत दूध वर आणि ताक खाली. 'ताकाला जाऊन भांडे लपवणे' या म्हणीत ताक मागायला शेजारी जावे लागण्याचा संकोच आहे. पण ज्या गावात ताक मागून मिळते ते गावही त्यात आहे. नातवंडांना 'दुधावरची साय' म्हणतात, कारण साय ही जपून ठेवायची गोष्ट. धारोष्ण, निरसे, आटीव, विरजण, खरवस, चीक. चरवी, कासंडी, शिंके, रतीब, या शब्दांची नुसती यादी केली तरी घरातल्या व्यवहाराचे चित्र उभे राहते. दूध आले की ते लगेच पिऊन टाकायचे, अशी रीत फार थोड्या घरांत होती. दूध तापवायचे, साय धरायची, विरजण लावायचे, लोणी काढायचे, तूप कढवायचे. उरलेले ताक घरच्यांनी प्यायचे आणि शेजाऱ्यांना द्यायचे. पेलाभर नुसते दूध ही लहान मुलांची, आजाऱ्याची, बाळंतिणीची किंवा पहिलवानाची चैन. बाकीच्यांच्या वाट्याला दूध येई ते रूपांतर होऊनच.

या रीतीमागे बचतीखेरीज शरीराचेही कारण होते, हे आता अनुवंशशास्त्राने दाखवले आहे. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारे लॅक्टेज नावाचे विकर बाळपणी सर्वांच्या आतड्यात तयार होते. बाळपण सरले की बहुसंख्य माणसांत ते कमी होत जाते. काही समाजांत, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या पशुपालन करणाऱ्यांत, ते मोठेपणीही टिकते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय लोकसंख्येच्या एका व्यापक अभ्यासात असे आढळले की हे टिकवणारा जनुकीय बदल भारतात युरोपातल्या बदलाशी समान आहे. त्याचे प्रमाण वायव्येकडे अधिक असून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे ते उतरत जाते. दह्यात आणि ताकात जंतूंनी ही साखर काही अंशी आधीच फोडलेली असते. तेव्हा दुधाची तहान ताकावर भागवणारे सगळेच जण नाइलाजाने तसे करत होते असे नाही. कित्येकांच्या पोटाला ताकच मानवत होते. म्हणीने ज्याला तडजोड ठरवले ते शरीराच्या दृष्टीने शहाणपण होते.

याच्या पुढची पायरी म्हणजे दूध न काढणाऱ्यांची. मध्य आणि पूर्व भारतातील मुंडा, संथाळ आदी अनेक आदिवासी समाजांत गायी असूनही त्यांचे दूध काढून पिण्याची परंपरा नव्हती. गायीचे दूध वासराचे, अशी त्यामागची समजूत नोंदवली गेली आहे. वनस्पतिजन्य आहाराच्या आजच्या पुरस्कर्त्यांना हा विचार आधुनिक वाटेल; पण तो या भूमीतच, कुठल्याही ग्रंथाचा आधार न घेता, जगला गेला होता. आपल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र दुधाला 'पूर्णान्न' म्हटले आणि ते सर्वांना सारखेच लागू केले. ज्या मुलाला दूध पचत नाही ते अशक्त, ज्या समाजात ते प्यायले जात नाही तो मागासलेला, असा अर्थ या एका शब्दातून न बोलता निघत राहिला. काहींची सवय जेव्हा सर्वांचा निकष होते तेव्हा काय घडते, हे साहित्याच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको. प्रमाणभाषेच्या इतिहासात आपण तेच पाहिले आहे.

दूध कुणाचे, हा प्रश्न मराठी लोकस्मृतीतही आहे. रायगडाच्या हिरकणी बुरुजाची दंतकथा आपण आईच्या धैर्याची कथा म्हणून शिकवतो, आणि ती तशी आहेच. पण हिरकणी गडावर गेली होती ती दूध विकायला. कोजागरीचा दिवस, गडावर दुधाला मागणी, विकता विकता उशीर झाला आणि दरवाजे बंद झाले. खाली पायथ्याच्या वस्तीत तिचे तान्हे बाळ भुकेले. म्हणजे या कथेत दोन दुधे आहेत. एक गडावर चढते आणि चंद्रप्रकाशात आटवले जाते. दुसरे कडा उतरून आपल्या धन्याकडे परत येते. गड आणि पायथा यांच्यातले हे अंतर पुढे रेल्वेने वाढवले, इतकेच.

रेल्वेच्या त्या कथेकडे जाण्यापूर्वी एका माणसाच्या खासगी आवडीनिवडीचा उल्लेख अटळ आहे, कारण तीही त्याच प्रदेशातून जाते. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी, हर्मान कॅलनबाख यांच्यासह, दूध सोडले. ब्रह्मचर्याच्या दृष्टीने दूध वर्ज्य, हे एक कारण होतेच. पण कलकत्त्याच्या गोठ्यांत अधिक दूध निघावे म्हणून गायीम्हशींवर होणाऱ्या 'फुंका' नावाच्या क्रूर प्रकाराची माहिती वाचून आलेली शिसारी हेही त्यांनी आत्मकथेत नोंदवलेले कारण आहे. पुढे १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी हिंडताना ते आमांशाने इतके खंगले की मृत्यू समोर दिसू लागला. डॉक्टर दूध घ्या म्हणत होते, आणि व्रत आड येत होते. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले की व्रत घेताना गाय आणि म्हैसच मनात असणार, मग शेळीच्या दुधाला हरकत कसली? गांधीजींनी शेळीचे दूध घेतले आणि ते बरे झाले. पण व्रताचा शब्द राखला आणि आत्मा सोडला, ही टोचणी त्यांना कायम राहिली. आम्हांला या प्रसंगात महत्त्वाचे वाटते ते असे : अत्यंत व्यक्तिगत भासणाऱ्या या व्रताचे मूळ शहरी दूधधंद्यात होते. शहराची तहान जनावराला काय करायला लावते हे कळल्यावर एका माणसाची जीभच बदलली.

त्याच खेडा जिल्ह्याचे दूध तीन दशकांनी मुंबई पिऊ लागली. मुंबईचे जुने दूध मुंबईतच निघत असे. दाट वस्तीतल्या तबेल्यांत म्हशी बांधलेल्या असत. गुजरात-हरियाणाकडून व्यालेल्या म्हशी आणायच्या, दुभत्या असेपर्यंत ठेवायच्या आणि आटल्या की बहुधा खाटकाला विकायच्या, असा तो व्यवहार. रेडकांना तर त्यात जगायला जागाच नव्हती. दारावर येणाऱ्या भय्याच्या मापातले पाणी हा मुंबईकराच्या नित्य तक्रारीचा आणि विनोदाचा विषय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दुधाची टंचाई आणि त्यातील भेसळ इतकी वाढली की सरकारला लक्ष घालावे लागले. १९४५ साली मुंबई सरकारने सुमारे ४३० किलोमीटरांवरील आणंदहून दूध आणण्याची योजना आखली आणि त्याचे कंत्राट पोलसन कंपनीला दिले. दूध तापवून, थंड करून रेल्वेने मुंबईस येऊ लागले. मुंबईला चांगले दूध मिळाले, पोलसनला नफा मिळाला. खेड्याच्या शेतकऱ्याला मात्र मध्यस्थ देईल तो भाव घ्यावा लागे.

४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा गावी मोरारजी देसाई यांच्या अध्यक्षतेखाली शेतकऱ्यांची सभा झाली. गावोगाव सहकारी मंडळ्या स्थापाव्यात, सरकारने त्यांच्याकडूनच दूध घ्यावे, अन्यथा दूध घालायचे नाही, असे ठरले. पंधरा दिवस दूध बंद राहिले आणि मुंबई सरकारला नमावे लागले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे नेते. अमूल हे नाव पुढे जगभर गेले ते याच संघाचे. पायथ्याची माणसे गडाला अटी घालत होती.

त्याच १९४६ साली मुंबईत आणखी एक गोष्ट घडली, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ती अधिक मूलगामी आहे. मुंबईच्या दूधयोजनेचे सूत्रधार दारा खुरोडी यांनी 'टोन्ड' दूध आणले. कल्पना साधी होती. म्हशीच्या दुधात सुमारे सात टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी घातले तर स्निग्धांश आणि इतर घन पदार्थ दोन्ही कमी होतात. ती झाली भेसळ. पण पाण्याबरोबर साय काढलेल्या दुधाची भुकटीही घातली, तर स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो आणि बाकीचे पोषक घन पदार्थ साडेआठ टक्क्यांच्या आसपास राखता येतात. एक लिटरच्या जागी दोन लिटरांहून अधिक दूध होते, आणि ते स्वस्त विकता येते. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकराने ज्यासाठी भय्याला शिव्या दिल्या ते पाणी आता शास्त्राने मोजून, सरकारी शिक्क्यानिशी, दुधात पडत होते. गिरणगावातल्या ज्या मुलांना म्हशीचे निखळ दूध कधीच परवडले नसते त्यांच्या पोटात दुधाचे बहुतेक पोषण त्यामुळेच जाऊ शकत होते.

याला फसवणूक म्हणायचे की वाटप? आमच्या मते याचे उत्तर चवीत मिळत नाही, हेतूत आणि हिशेबात मिळते. अश्वत्थाम्याला पीठ देणारी मुले त्याला हसण्यासाठी ते देत होती. उपमन्यूची आई दारिद्र्य झाकण्यासाठी देत होती. खुरोडींच्या दुधात काय आहे हे उघड सांगितलेले होते. पुढे कायद्यानेच त्याच्या पायऱ्या ठरल्या : सायीचे दूध सहा टक्के, प्रमाणित साडेचार, टोन्ड तीन, डबल टोन्ड दीड. नीरक्षीरविवेकाचे काम हंसाकडून प्रयोगशाळेकडे गेले, आणि 'खरे' की 'खोटे' या प्रश्नाच्या जागी 'किती टक्के' हा प्रश्न आला.

१९४९ साली गोरेगावला आरे दूध वसाहत उभी राहिली. सुमारे १,३०० हेक्टर जागा, सोळा हजारांच्या आसपास म्हशींची सोय, आणि शहरातले तबेले तिथे हलवण्याचा हेतू. काचेच्या बाटल्या, त्यांवर पातळ पत्र्याची झाकणे, पहाटे केंद्रापुढची रांग आणि घराघरांत जपून ठेवलेले दुधाचे कार्ड, ही कित्येक मुंबईकर कुटुंबांची दुधाची पहिली आठवण आहे. त्यांच्या लेखी आरेच्या बाटलीतले दूध हेच खरे दूध. २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडे तोडली गेली तेव्हा आरे हे नाव पुन्हा सर्वांच्या तोंडी आले. पण ते जंगलाचे नाव म्हणून. त्यातले दूध तोवर विस्मरणात गेले होते.

खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि व्हर्गिस कुरियन या तिघांना १९६३ साली एकत्रितपणे मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईचे खुरोडी आणि आणंदचे कुरियन यांचे आपसात फारसे पटत नसे, हे कुरियन यांच्या आठवणींवरून स्पष्ट होते. एकाला शहराच्या पेल्यात दूध पोचवायचे होते. दुसऱ्याला गावाच्या हातात पैसा. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना एच. एम. दलाया यांनी ती करून दाखवली आणि १९५५ साली आणंदला तिचा कारखाना सुरू झाला. भुकटी झाली म्हणजे दूध साठवता येते, सुगीतले दूध उन्हाळ्यात वापरता येते, आणि गावाला नाशाच्या भीतीने पडेल भावात ते विकावे लागत नाही. ज्या भुकटीला शहरी जीभ नाक मुरडते तिनेच उत्पादकाला घासाघीस करण्याचे बळ दिले, ही गोष्ट दुधाच्या चवीची चर्चा करताना सहसा कुणी लक्षात घेत नाही.

१९७० साली 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले. युरोपीय समुदायाकडून देणगीदाखल आलेली दुधाची भुकटी आणि लोण्याचे तेल पाण्यात पुन्हा एकजीव करून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत दूध म्हणून विकायचे, आणि त्या पैशातून देशभर सहकारी दूधसंघांचे जाळे विणायचे, अशी ही योजना. म्हणजे एका पिढीच्या शहरी मुलांनी प्यायलेल्या दुधाचा काही भाग अक्षरशः परदेशी भुकटीचे पाणी होता. त्यावर प्रखर टीकाही झाली. १९८३ साली गोव्यात राहणारे लेखक क्लॉड आल्वारिस यांनी 'इलस्ट्रेटेड वीकली'त लिहिलेल्या लेखाने मोठे वादळ उठवले. ज्या गावात दूध निघते तिथल्या मुलांच्या तोंडचे दूध शहराकडे जाते आणि योजना परदेशी देणगीवर तरते, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. त्यानंतर केंद्र सरकारने लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखाली मूल्यमापन समिती नेमली. हा वाद पुरता मिटला असे आम्हांला वाटत नाही. २०२३-२४ साली देशाचे दूध उत्पादन सुमारे २३ कोटी ९३ लाख टन आणि दरडोई उपलब्धता रोजची ४७१ ग्रॅम होती. १९९८ पासून भारत जगातला सर्वांत मोठा दूध उत्पादक आहे. पण सरासरीच्या आकड्याला पायथा दिसत नाही. हिरकणीचे घर त्यात वेगळे मोजलेले नसते.

या वादाचे सर्वांत सूक्ष्म चित्रण आमच्या मते एका चित्रपटात आहे, आणि त्याच्याशी मराठी नाट्यलेखनाचा थेट संबंध आहे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' १९७६ साली आला. गुजरातेतल्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो निर्माण केला, हे सर्वज्ञात आहे. पण त्याची पटकथा विजय तेंडुलकरांची होती, हे अभ्यासक्रमातल्या तेंडुलकरांशी आपण क्वचितच जोडतो. गावात आलेला डॉक्टर राव दुधाचा स्निग्धांश तपासतो आणि त्यानुसार भाव देऊ करतो. तोवर खासगी डेअरीवाला मिश्रा सांगेल तो दर. तपासणीची ती नळी हा या कथेतला हंसच. फक्त तो आता दूध घालणाऱ्या बाईच्या बाजूने उभा आहे. तिचे दूध पातळ आहे असे म्हणण्याची सोय आता कुणाला राहत नाही. पण तेंडुलकर तिथे थांबत नाहीत. यंत्र दुधातले पाणी ओळखते, गावातली जात ओळखत नाही. एकाच रांगेत दूध घालायला सरपंचाच्या माणसांना आणि हरिजनवस्तीतल्या भोलाला उभे राहावे लागते, आणि सगळे मंथन तिथून सुरू होते. जळतात ती वस्तीतली घरे. अखेर डॉक्टरची बदली होते. सोसायटी चालवायची की नाही हे गावाला ठरवायचे असते.

महाराष्ट्रात याच काळात दुधाची चवच पालटली. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आजचा गोकुळ, स्थापन झाला. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचनला 'बाएफ'ची स्थापना केली आणि परदेशी वळूंच्या संकरातून अधिक दूध देणाऱ्या गायी शेतकऱ्यांच्या दारात आणल्या. गांधीजींच्या या शिष्याने गोसेवेचा अर्थ असा लावला. कोरडवाहू घरात नियमित पैसा येऊ लागला, मुलींची शिक्षणे झाली, आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या बाजारात म्हशीच्या घट्ट दुधाबरोबर संकरित गायीचे पातळ दूध मुबलक झाले.

त्याच कोल्हापुरात आणखी एक रीत टिकून आहे. गंगावेशीसारख्या ठिकाणी संध्याकाळनंतर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ, धारोष्ण दूध पेल्यात देतात. या दूधकट्ट्यांमागे तालमींची परंपरा आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय आणि १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान यांच्याशी शहराची दुधाची आवड बांधलेली आहे. त्या पेल्यात पाण्याला वाव नाही, कारण धार डोळ्यांसमोर पडते. 'खऱ्या दुधा'ची ही सर्वांत भक्कम हमी, आणि ती गुणवत्तेइतकीच परिचयाची आहे : म्हैस दिसते, गवळी ओळखीचा आहे.

महानगरात हा परिचय उरलेला नाही, म्हणून तिथे हमी छापील लागते. अलीकडे ती 'ए-टू' या अक्षरांतून विकली जाते. देशी गायीच्या दुधातले प्रथिन वेगळ्या प्रकारचे असते, आणि म्हणून ते दूध श्रेष्ठ, असा दावा करून कित्येक पट किमतीला बाटल्या विकल्या जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असे दावे वेष्टनांवरून काढण्याची सूचना दिली आणि अवघ्या काही दिवसांत ती मागेही घेतली. गंमत अशी की म्हशीचे दूधही बहुतांशी 'ए-टू'च असते. पण म्हशीच्या नावाने असा गौरव होत नाही, कारण तिच्याभोवती पावित्र्याची कथा नाही. दुसरीकडे, बदामाच्या वा सोयाबीनच्या द्रवाला 'दूध' म्हणावे की नाही यावर नियामकांचे वाद चालू असतात. कोकणात आणि गोव्यात 'नारळाचे दूध' हा शब्द किती जुना आहे, हे त्या वादात कुणी विचारत नाही. भाषेने दूध हा शब्द कधीच एका जनावराच्या मालकीचा केला नव्हता.

एवढे सगळे पाहिल्यावर नीरक्षीरविवेक या शब्दाचे काय करायचे? तो टाकून द्यावा असे आमचे म्हणणे नाही. भेसळ असते, दुधात असते आणि साहित्यातही असते, आणि ती ओळखावी लागते. पण प्रत्येक पिढी आपल्या बालपणीच्या चवीला 'खरे' म्हणते, आणि पुढच्या पिढीचे दूध तिला पातळ लागते. तबेल्याच्या दुधावर वाढलेल्यांना आरेचे दूध पाणचट वाटले. आरेवर वाढलेल्यांना आजच्या पिशवीतले दूध बेचव वाटते. 'पूर्वीसारखे लेखन आता होत नाही' हे वाक्य साहित्यचर्चेत आपण जितक्या वेळा ऐकतो, तितक्या वेळा 'पूर्वीसारखे दूध आता मिळत नाही' हेही ऐकतो. दोन्ही वाक्यांतला 'पूर्वी' कुणाचा, हे विचारायला हवे. त्या 'पूर्वी'त कुणाच्या घरी रतीब होता, कोण ताक मागायला भांडे लपवून जात होते, आणि कुणाच्या तोंडाला दूध लागलेच नव्हते?

म्हणून विवेक शिकवणाऱ्याने, तो वर्गात शिकवणारा असो की लेखातून, उपमन्यूचे कौतुक करण्याआधी तो कुठल्या यज्ञाला गेला होता याची चौकशी करावी. अश्वत्थाम्याला दूध ओळखता आले नाही, आणि तो नाचला. महाभारतात ती गोष्ट द्रोण सांगतो, भीष्मासमोर, आणि सांगताना त्याला मुलाची लाज वाटत नाही. त्याला आठवते ते हसणाऱ्यांचे हसू.